सॉल्व्हर म्हणतो पाचही एकर कांदा. एफडी मोडू का?

नमस्कार दादा, तुमचा मेल आणि एक्सेलची फाइल दोन्ही नीट बघितलं. थोडक्यात प्रश्न असा की निफाड तालुक्यात तुमची पाच एकर बागायत आहे, हातात दीड लाख आहेत, मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवलेली अडीच लाखांची एफडी आहे, घरखर्च दुधावर निघतो. पुतण्याने सॉल्व्हर (दिलेल्या मर्यादांत सगळ्यात जास्त नफ्याचं उत्तर शोधणारं एक्सेलमधलं साधन) वापरून रब्बीचं गणित मांडून दिलं आणि उत्तर आलं की पाचही एकर उन्हाळ कांदा लावा, नफा ५ लाख ९० हजार. त्यासाठी ४ लाख लागतात म्हणून एफडी मोडू का, असं तुम्ही विचारताय.

एफडी मोडू नका. आणि पाच एकर कांदा पण लावू नका, तीन लावा. आता का ते सांगते, जरा लांबेल.

पुतण्याने मांडणी चांगली केलीय, त्याला खरंच शाबासकी द्या. जमीन, पैसा, पाणी तिन्ही मर्यादा घेतल्यात, गहू-हरभरा पण घेतलाय, चूक कुठे नाहीये. अडचण एवढीच की त्या फाइलमधला प्रत्येक आकडा देवाने लिहून दिल्यासारखा पक्का धरलाय. कांदा एकरी ११० क्विंटल, भाव क्विंटलला १८००, खर्च एकरी ८० हजार, विहिरीचं पाणी हंगामात एकूण ६० एकर-पाळ्या (एक एकर एकदा भिजवलं की एक पाळी). यातला खर्च सोडला तर एकही आकडा आज कोणाला माहीत नाहीये.

मी काय केलं, तुमच्या फाइलमध्ये फक्त भावाचा रकाना हळूहळू कमी करत गेले. १८०० ला पाचही एकर कांदा. १२०० ला पण पाचही एकर. ९४६ ला पण पाचही एकर कांदाच, आणि ९४५ केलं की एकदम पाचही एकर हरभरा! एका रुपयात अख्खं शेत बदललं. सॉल्व्हरमागचं जे गणित आहे, लिनियर प्रोग्रामिंग, त्याचा स्वभावच तसा आहे, उत्तर नेहमी कोपऱ्यावर, म्हणजे मर्यादांच्या एखाद्या टोकावर, जाऊन बसतं, थोडं हे थोडं ते असं ते आपणहून करत नाही, मर्यादेने अडवलं तरच करतं. त्यामुळे १८०० वर तुमचा जेवढा भरवसा तेवढाच त्या उत्तरावर ठेवायचा.

आणि हा काही शेतकऱ्याच्या एक्सेलचाच प्रॉब्लेम नाहीये. बेन-टाल आणि नेमिरोव्स्की या दोन गणितज्ञांनी २००० साली नेटलिब नावाच्या संग्रहातली ९० गणितं तपासली होती, आकडे फक्त ०.०१ टक्क्याने हलवले तरी १३ गणितांमध्ये 'सर्वोत्तम' उत्तराने एखादी तरी मर्यादा ५० टक्क्यांहून जास्त मोडली. मोठमोठ्या उद्योगांची गणितं होती त्यात. आपल्या विहिरीचं पाणी ०.०१ टक्क्याने हलत नाही दादा, २५ टक्क्यांनी हलतं.

आता यात एक फरक नीट समजून घ्या, माझ्या मते तुमच्या प्रश्नात हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. भाव चुकला तर नफा कमी होतो, वाईट वाटतं, पण प्लॅन उभा राहतो. पाणी चुकलं तर प्लॅनच मोडतो. तुमच्या फाइलमध्ये कांद्याला १२ पाळ्या, पाच एकरांना ६०, आणि विहिरीत बरोबर ६०, म्हणजे काठोकाठ. मार्चमध्ये विहीर खाली गेली आणि ४५ च पाळ्या निघाल्या तर पावणेचार एकरच भिजेल. उरलेल्या सव्वा एकरावर रोप, लागवडीची मजुरी, खतं अशा एकूण १ लाखाच्या खर्चातला बराचसा आधीच झालेला असणार आणि कांदा पोसायच्या वेळेलाच पाणी नाही. म्हणून पाण्याच्या खान्यात ६० ऐवजी ४५ लिहा. तेवढं एक केलं तरी सॉल्व्हर स्वतःच ३.३३ एकर कांदा आणि बाकी हरभरा सांगतो, कारण हरभऱ्याला ३ च पाळ्या लागतात. मी तीन एकर धरते.

भावाचं वेगळं. तिथे एक सरासरी लिहून चालत नाही, कारण भाव आणि उतारा (एकरी उत्पादन) एकमेकांना बांधलेले आहेत. तुमच्याकडे ११५ क्विंटल निघाला तर चांदवड-येवल्यात पण तसाच निघालेला असतो आणि मग लासलगावला भाव पडतो, म्हणून चांगला उतारा गुणिले चांगला भाव हे वर्ष फार क्वचित येतं. वरून सरकारी निर्णय. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली, ती उठली ४ मे २०२४ ला. डिसेंबर-जानेवारीत लागवड करताना मे महिन्यातलं धोरण कोणाला दिसतं?

मी चार वर्षं कल्पून बघितली. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या जुन्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) काढून बदलून घ्या. तेजीचं वर्ष, ९० क्विंटल आणि २५०० भाव. मधलं, ११० आणि १५००. मंदीचं, ११५ आणि ७००. आणि गारपिटीचं, ५० क्विंटल आणि ९०० भाव. पाच एकर कांदा लावला तर अनुक्रमे सव्वासात लाख नफा, सव्वाचार लाख, फक्त अडीच हजार, आणि पावणेदोन लाख तोटा. तीन एकर कांदा दोन एकर हरभरा केला (हरभरा एकरी २४ हजार सुटतो असं धरून, गारपिटीत ३ हजार) तर ४.८३ लाख, ३.०३ लाख, साडेएकोणपन्नास हजार, आणि ९९ हजार तोटा.

मधल्या वर्षी माझा प्लॅन तुम्हाला १ लाख २२ हजार कमी देतो. हे मी लपवणार नाही, सुरक्षिततेची ही किंमत आहे आणि ती द्यायची की नाही हे शेवटी घरात बसून ठरवायचं. १९७३ साली सॉयस्टर या संशोधकाने सांगितलेली पद्धत अशी होती की सगळे आकडे एकाच वेळी वाईटात वाईट धरा, त्या हिशोबाने तर तुम्ही कांदाच लावू नये, पण निफाडात राहून कांदा सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. २००४ मध्ये बर्टसिमास आणि सिम या दोन संशोधकांनी म्हटलं की सगळंच एकदम बिघडत नाही, किती गोष्टी एकत्र बिघडतील ते तुम्ही ठरवा आणि तेवढ्यापुरतं सांभाळा. मला हे पटतं. पाणी बिघडेल हे धरलंच पाहिजे, आणि त्याच्या जोडीला भाव किंवा गारपीट यातलं एक.

आता फी. ती जुलैत भरायचीय, आणि तुमचा १८०० चा भाव ऑक्टोबरपर्यंत चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर जागेत) ठेवलेल्या कांद्यासकटची सरासरी आहे. म्हणजे फीच्या दिवशी पैसा चाळीत पडलेला असणार! शिवाय मेमध्ये भरलेले ११० क्विंटल ऑक्टोबरला ११० राहत नाहीत, वजन घटतं, खालच्या थरातला कांदा हाताला मऊ लागतो, काजळी धरते, कोंब येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. फाइलमध्ये महिना नावाचा रकानाच नाहीये. एफडी मोडली की मे-जूनमध्ये मिळेल त्या भावाला कांदा विकावा लागेल, आणि गारपिटीच्या वर्षी पाच एकरांतून हातात येणार सव्वादोन लाख, म्हणजे फीलासुद्धा पुरत नाहीत आणि खरिपाच्या बियाण्याला काही नाही.

तीन-दोनच्या प्लॅनला २ लाख ७६ हजार लागतात. दीड लाख तुमचे, उरलेले १ लाख २६ हजार किसान क्रेडिट कार्डवर घ्या. तुम्ही लिहिलंय की कर्ज नको, भावना कळते मला. पण ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, मुदतीत फेडलं की ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के पडतं. वर्षाचं व्याज साधारण ५ हजार. एफडी मोडली तर यापेक्षा जास्त व्याज बुडेल. आणि गारपिटीच्या वर्षीसुद्धा दोन्ही पिकांचे मिळून १ लाख ७७ हजार येतात, कर्ज व्याजासकट फिटून शेहेचाळीस हजारांच्या आसपास उरतात, एफडी जागेवर. पीक विमा उतरवाच, फक्त त्याचे पैसे मी कुठेच धरलेले नाहीत, त्यांच्या भरवशावर फीची तारीख गाठता येत नाही.

एक गोष्ट आत्ता ठरवूच नका, चाळ भरायची की नाही ती. लिनियर प्रोग्रामिंगचा जनक मानल्या जाणाऱ्या डान्झिगने १९५५ मध्येच हे मांडलं होतं, काही निर्णय आज घ्यायचे आणि काही आकडे दिसल्यावर. तुमचं आजचं काम म्हणजे किती एकर लागवड, बस. एप्रिल-मेमध्ये भाव बघा, कर्जापुरता कांदा विका, बाकीचा चाळीत. फी एफडीतून जातेय म्हणून घाईने विकायची वेळच येणार नाही.

रोप पाच एकरांचं टाकलंय असं लिहिलंय, ते वाया जाणार नाही, दोन एकरांचं विकून टाका, गावात गिऱ्हाईक मिळेल. हरभऱ्याला मात्र उशीर नको, दोन एकर या आठवड्यातच पेरून घ्या. आणि कांदा लागवडीच्या आधी विहिरीत दोर सोडून पाणी किती फूट आहे ते मोजा, गेल्या वर्षी याच दिवसांत किती होतं ते वडिलांना विचारा आणि दोन्ही आकडे मला पाठवा. पाणी त्याहून खाली असेल तर ४५ च्या जागी काय लिहायचं ते बघू, मग कदाचित तिसरा एकर पण सोडावा लागेल.