बर्फ कोण आणतं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीत आहे, सोळा वर्षांचा. गटारीच्या रात्री मित्राच्या गच्चीवर ‘फक्त बिअर’ प्यायला आणि अ‍ॅक्टिव्हा चालवत घरी आला. अंथरुणातच उलटी झाली. सासूबाईंना कळू नये म्हणून रात्री दीड वाजता मी चादर धुऊन वाळत टाकली. हे काही रागावले नाहीत. स्वतः दर शनिवारी दोन पेग घेतात, कधी तिसरा नाही. मुलगाच त्यांना बर्फ नि शेंगदाणे आणून देतो. ह्यांचं म्हणणं, “बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात माझ्यासमोर थोडी घेऊ दे, मर्यादा शिकेल.” मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमचं मन नाही म्हणतंय, ते बरोबर आहे. तुमच्या यजमानांचा हेतूही चांगला आहे. त्यांना मुलगा वाया जाऊ द्यायचा नाही. पण घरात पाजून मर्यादा येते हा समज खोटा ठरला आहे. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा बाराव्या-तेराव्या वर्षापासून सहा वर्षं मागोवा घेतला गेला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. आईवडिलांनी दिली म्हणून मुलं सांभाळून पितात, असं काही दिसलं नाही. उलट त्या मुलांना बाहेरूनही दारू मिळवायची सवय जास्त होती. आपल्याकडे तर तो गुन्हाच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यात बापाला सूट नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ हे वय आहे.

म्हणजे घरात पेग नाही. पण एवढ्यावर थांबू नका, कारण नुसतं ‘नाही’ त्याने आत्तापर्यंत ऐकलेलंच असेल.

‘फक्त बिअर’ या शब्दांपाशी बसा. कागद घ्या आणि हिशेब त्यालाच करू द्या. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मि.लि.ची असते आणि तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. म्हणजे ५२ मि.लि. शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मि.लि.च्या छोट्या पेगमध्ये ते जेमतेम १३ मि.लि. असतं. बाबा शनिवारी घेतात त्याच्या दुप्पट माल, चार छोटे पेग, त्या एका बाटलीत होते. यकृत तासाला साधारण एका छोट्या पेगाएवढंच पचवतं. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही त्याचा वेग वाढत नाही. मग गाडीची किल्ली किती वाजता हातात घ्यायला हवी होती, हे त्यालाच विचारा. कितीही तास मोजले तरी सोळाव्या वर्षी ती गाडी चालवायचा परवानाच मिळत नाही. तो नुसता पकडला गेला असता तरी मोटार वाहन कायद्याखाली २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला किंवा पालकाला होऊ शकली असती. ती किल्ली आजच कपाटात ठेवा.

आता त्या चादरीबद्दल, आणि हे जरा रागावूनच लिहिते. चादर तुम्ही धुवायला नको होती. रात्री कूस वळवून द्या, जवळ बसून राहा, ते आईचं कामच आहे. पण सकाळी उठल्यावर बादली, साबण आणि ती चादर त्याच्या पुढ्यात ठेवायची. ओरडायचं नाही, टोमणे नाहीत. जे मी केलं ते मीच निस्तरायचं, हे त्याला दुसऱ्या कुठल्याही भाषेत इतकं नीट कळलं नसतं. सासूबाईंना समजलं असतं तर समजू द्यायचं होतं.

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. एका सहलीत मुलांनी चोरून बाटल्या आणल्या होत्या. त्यांतला एक बेशुद्ध झाला. मित्रांनी त्याला खोलीत उताणा झोपवला, दार ओढून घेतलं आणि ‘झोपला की उतरेल’ म्हणून ती मुलंही झोपली. पहाटे घशातल्या घरघरीने एकाला जाग आली. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. मी त्या मुलांना विचारलं, मला का उठवलं नाहीत? एकजण म्हणाला, “मॅडम, त्याचे पप्पा मारतील म्हणून.” ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. चार मुलांना मित्राच्या जिवापेक्षा त्याच्या बापाची भीती मोठी वाटली होती.

म्हणून मुलाशी एक करार करा, आणि तो दोघांनी मिळून करा. रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन आला तरी तुमच्यापैकी एकजण न्यायला येईल आणि त्या रात्री एक शब्दही विचारणार नाही. जाब दुसऱ्या दिवशी द्यावा लागेल, तो चुकणार नाही. त्याच्या बाजूने करार असा की प्यायलेल्याच्या गाडीवर तो मागेही बसणार नाही, आणि कोणी पडला तर त्याला कुशीवर वळवून जवळ थांबेल. हाक मारून उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, अंग गार पडलं असेल तर आधी १०८ ला फोन, मग आपल्याला.

मर्यादेचं म्हणाल तर ती तुमचे यजमान शिकवतातच आहेत, दर शनिवारी. दोनवर थांबतात हे तो पाहतो. पण त्याबरोबर हेही पाहतो की आठवडाभर दमलेल्या माणसाला बरं वाटायला हे लागतं, आणि ते आणून द्यायचं काम माझं आहे. तो बर्फाचा ट्रे नळाखाली धरून मोकळा करतो, ग्लासात टाकतो, शेंगदाण्यांची वाटी ठेवतो. लहानपणापासून तो या बैठकीत बसलेलाच आहे. फक्त ग्लास अजून मिळालेला नाही.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. पिणं सोडा असं मी त्यांना सांगत नाही, तो त्यांचा निर्णय. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की पूर्ण निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. बापाने मुलाला हे प्रामाणिकपणे सांगावं : “मी घेतो, मला आवडते, आणि ती शरीराला चांगली नाही.” लपवाछपवी नसलेल्या बापाचं मुलं ऐकतात, हे मी खूपदा पाहिलंय. आणि येत्या शनिवारी बर्फ त्यांनी स्वतः उठून आणावा. त्या वेळात मुलाला क्रिकेटला जाऊ द्या. महिन्याभराने काय झालं ते मला नक्की कळवा.