कॉम्प्युटरवर सगळं दिसतंय, मग खरी गाडी कशाला ठोकायची?

प्रश्न: पोरगं सिव्हिलला आहे, ते म्हणतं पुलाच्या कठड्याला गाडी धडकली तर काय होईल ते आता कॉम्प्युटरवरच कळतंय. मग परदेशात चांगले ट्रक मुद्दाम का आदळवतात? आणि आपल्याकडची उसाची डबल ट्रॉली कठड्यावर गेली तर तो थांबवेल का?
– एक वाचक, शिरोली

उत्तर: पोरगं बरोबर बोलतंय, पण अर्धंच. कॉम्प्युटरमध्ये गाडीचे आणि कठड्याचे लाखो बारीक तुकडे पाडतात आणि क्षणाक्षणाला कुठला तुकडा किती वाकला ते काढत जातात, एलएस-डायना हे त्यातलं नावाजलेलं सॉफ्टवेअर. पण बोल्ट कधी तुटणार, काँक्रीट कुठं फुटणार, टायर कठड्यावर चढणार का, हे सगळं आपण भरलेल्या आकड्यांवर. म्हणून आधी खरी धडक, मॉडेल तिच्याशी जुळलं की मग उंची बदला, खांब लांब-जवळ करा, काय पाहिजे ते.

अमेरिकेत 32 इंची कठडा 8000 किलोच्या ट्रकला ताशी 80 किमीला पास होता, मॅश या तिथल्या नवीन धडक-टेस्टच्या नियमात ट्रक 10,000 किलोचा आणि स्पीड 90 झाला तर गडी कठड्यावरून पलटी! मग उंची 36 इंचांवर गेली.

आता ट्रॉली. आपल्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्ते-पुलांचे नियम ठरवणारी संस्था) नियमात साध्या पुलाचा कठडा दीड टनाची गाडी, ताशी 80, 20 अंशाचा कोन असा धरतात, म्हणजे कठड्यावर आडवी येणारी ऊर्जा साधारण 43 किलोज्यूल. रेल्वेवरच्या वगैरे धोक्याच्या पुलाला 30 टन ताशी 60, तिथं हाच आकडा 487 च्या आसपास. ट्रॉलीसकट 30 टन धरा आणि स्पीड 20, तर येतात 54, म्हणजे साध्या कठड्याच्या हिशोबापेक्षा थोडंच जास्त. खरी भीती वेगळीच, ऊस उंच रचलेला असतो, कठडा चाकाला अडवतो आणि वरचा माल पलीकडं झुकतो. शिवाय चांगल्या कठड्याचं काम गाडी जागेवर थांबवायचं नसतंच, वळवून परत रस्त्याला लावायचं असतं.

जानेवारी 2018 मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत गेली, 13 माणसं गेली. ब्रिटिश काळातला पूल, तेव्हा असल्या टेस्ट कुठल्या. अशा जुन्या पुलावर नुसता नवीन लोखंडी कठडा बोल्टनं बसवला की झालं असं वाटतं, पण स्लॅबची कडच कच्ची असेल तर कठडा शाबूत राहतो आणि कड उखडते, म्हणून टेस्टमध्ये कठड्याबरोबर स्लॅबची कडपण ओतून घेतात.