धावत्या रेल्वेगाडीच्या बंद डब्यात उडी मारली तर माणूस जागच्या जागी पडतो. मग त्याच गाडीच्या टपावर मारली तर?

थोडं मागे पडाल, पण गाडी पायाखालून निघून जाणार नाही. उडी मारताना गाडीचा वेग तुमच्या अंगात असतोच. डब्यातली हवाही गाडीबरोबरच धावते, म्हणून तिथे फरक जाणवत नाही. टपावर मात्र समोरून वारा झोडपतो.

ताशी 72 किमी, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेग धरा, बाहेर वारा पडलेला. 65 किलोच्या उभ्या माणसावर साधारण 170 न्यूटन रेटा येतो. फूटभर उंच उडीत तो जेमतेम अर्धा सेकंद हवेत असतो. तेवढ्यात अंदाजे 30 सेंटिमीटर मागे सरकतो. वेग निम्मा केलात तर रेटा एक चतुर्थांश, म्हणजे सरकणं 8 सेंटिमीटरच. खरी गोची पाय टेकताना होते: तेव्हा टपाच्या मानाने तुम्ही सेकंदाला सव्वा मीटरने मागे जात असता, वर वारा ढकलतच असतो. करून बघू नका, कागदावर गणित पुरे.