बिनकामाचा लिव्हर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वैमानिकीच्या शिक्षणात मल्टी-इंजिनवर (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानावर) गेल्यापासून इन्स्ट्रक्टर प्रत्येक चेकला लिव्हरला हात लावून मोठ्यांदा बोलायला लावतात आणि तुला ती पोपटपंची वाटते. सेसना १५२ वर, जिची चाकं जन्मभर बाहेरच असतात, तिथेही 'गिअर डाउन' (चाकं खाली) म्हणायला लावायचे, हा जुना रागही तू त्यात घातला आहेस. मी त्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एअरस्पीड ऑक्सफर्ड हे नाव तू बहुधा ऐकलं नसशील. जून १९३७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, दोन चीता इंजिनांचं, लाकडी बांधणीचं ब्रिटिश ट्रेनर. साडेआठ हजारांहून जास्त बनली. महायुद्धात बॉम्बरवर जाणारी कितीतरी पोरं टायगर मॉथसारख्या एका इंजिनाच्या विमानातून उतरली ती थेट यात चढली. याचे प्रॉप (इंजिनाचे पंखे) लाकडी, फिक्स्ड पिचचे, म्हणजे पात्यांचा कोन बदलायची सोयच नाही. तरी कॉकपिटमध्ये पिचचा लिव्हर होता, आणि उतरण्याआधी तो 'कोर्स'वरून (पात्यांचा मोठा कोन) 'फाइन'वर (लहान कोन) सरकवावाच लागे. सरकवून होत काहीच नसे. पण हाच मुलगा काही महिन्यांनी ज्या बॉम्बरवर बसणार, तिथे तो लिव्हर खरा असणार होता. उतरता उतरता पुन्हा वर जायची वेळ आली आणि प्रॉप कोर्सवरच राहिलेले असले, तर इंजिनाला पूर्ण आरपीएम (मिनिटाचे फेरे) मिळत नाहीत, आणि खाली जमीन जवळ असते. म्हणून आधीच हाताला वळण लावलं. हा बिनकामाचा लिव्हर ज्याने बसवला, त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

त्याच काळातलं दुसरं ट्रेनर म्हणजे अ‍ॅव्हरो अ‍ॅन्सन. मूळचं किनाऱ्यावर गस्त घालणारं, मग शिकवण्यासाठी वापरलेलं. अकरा हजारांच्या आसपास बनली. त्यावर शिकलेल्यांच्या आठवणी मिळाल्या तर जरूर वाच. लढाई पुढे कधीतरी येते, आधी येतं ते सीटशेजारचं हँडल. चाकं वर घ्यायची तर ते सुमारे १४० वेळा फिरवायचं. काम अर्थातच विद्यार्थ्याच्या वाट्याचं. जवळच जायचं असलं की चाकं खुशाल बाहेर ठेवत; ताशी तीसेक मैल वेग गेला तरी चालेल, पण ते हँडल नको! म्हाताऱ्या वैमानिकांना आकडे, तारखा आठवत नाहीत, खांदा मात्र आठवतो.

आता मुख्य गोष्ट. २९ सप्टेंबर १९४०, ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स. वॅगा वॅगाजवळच्या फॉरेस्ट हिल तळावरून दोन अ‍ॅन्सन क्रॉस-कंट्री सरावाला निघाली. ब्रॉकल्स्बी गावावर एक वळताना दुसरीच्या डोक्यावर आली आणि दोन्ही एकमेकींत रुतून बसली. वरच्या विमानाची इंजिनं बंद पडली, खालच्याची पूर्ण ताकदीने चालूच राहिली. वरच्या विमानात लेनर्ड फुलर, वय २२, अजून शिकाऊ. दोन्ही विमानांतले नेव्हिगेटर (वाट दाखवणारे) आणि खालचा वैमानिक पॅराशूट घेऊन बाहेर पडले. फुलरच्या लक्षात आलं की आपले एलेरॉन आणि फ्लॅप (पंखांवरच्या हलत्या झडपा) वापरून ही जोडी वळवता येतेय. इंजिनं दुसऱ्याची, नियंत्रण आपलं! तशीच त्याने आठ किलोमीटर नेली आणि एका शेतात पोटावर उतरवली. जीव कुणाचाच गेला नाही.

नंतर विचारलं तेव्हा त्याने सांगितलं ते साधारण असं: फोर्स्ड लँडिंगचं जे शिकवलंय तेच केलं, वस्तीजवळ उतरायचं, वाऱ्याच्या समोर उतरायचं, ते बघा शेतघर, दोन चकरा मारल्या आणि वाऱ्यात उतरलो, कंट्रोल्स मात्र चांगलेच जड होते. दोन विमानं चिकटलेली असताना काय करावं याचं पान कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणून त्याने जे पान पाठ होतं ते उघडलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे वाऱ्याची दिशा बघणं. (सरकारी खातं ते सरकारी खातंच: पठ्ठ्याला सार्जंट केलं, आणि परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलला म्हणून चौदा दिवस बराकीत डांबून सात दिवसांचा पगारही कापला.) पुढे परदेशात लढून, पदक मिळवून तो परत आला, इन्स्ट्रक्टर झाला, आणि मार्च १९४४ मध्ये सायकलवरून जाताना बसला धडकून गेला.

तुझ्या कामाचं बोलू. इंजिन जाईल तेव्हा विमान एका बाजूला ओढेल, ते सरळ ठेवायला तू पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबशील. ज्या पायाला काम उरलं नाही, त्या बाजूचं इंजिन मेलं. लगेच फेदर (मेलेल्या इंजिनाच्या प्रॉपची पाती वाऱ्याला समांतर) करू नकोस. आधी त्याच बाजूचा थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर) मागे घे; काही फरक पडला नाही तरच पुढे जा. २०१५ मध्ये तैपेईत एका एटीआर जातीच्या दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचं एक इंजिन गेलं आणि वैमानिकाने चालू असलेलं दुसरंच बंद केलं. ४३ माणसं गेली. हात लावून, नाव घेऊन, क्षणभर थांबून करायचं ते याचसाठी. दुसरं इंजिन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. एक गेलं की चढण्याची क्षमता निम्मी उरत नाही, ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त घटते. त्यात विदर्भातला मे महिना; हवा तापली की विरळ होते आणि विमान आणखी कमी चढतं.

पाठांतराने सगळं भागत नाही, हेही खरं. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत १९३० मध्ये एकटी उडालेली एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ ला असंच एक ऑक्सफर्ड पोहोचवायला निघाली. हवा खराब होती. ती वाटेपासून खूप दूर, थेम्सच्या मुखाशी पडली आणि सापडलीच नाही. निघायचं की नाही हा चेक कुठल्याच लिव्हरवर नसतो. तो ब्रीफिंग रूममध्येच करायचा आणि त्यात कुणाची भीड बाळगायची नाही.

पुढच्या पत्रात एवढं लिहून पाठव: तुमच्या विमानाचा ब्लू लाइन वेग (एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचा वेग) किती, आणि ४२ अंश तापमानात, पूर्ण वजनाने, एका इंजिनावर ते मिनिटाला किती फूट चढेल. मॅन्युअलच्या तक्त्यातून काढ, मित्राला विचारू नकोस. आकडा बघून पोटात गोळा आला तर तेही लिही. आणि मेसचं जेवण जात नसेल तर तिकडे डबा मिळतो का बघ, उपाशीपोटी उडू नकोस.

तुझा,
काका