मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीत आयटी स्ट्रॅटेजी आखताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की अनेक देशांत शाखा असलेल्या कंपनीचा तीन वर्षांचा आयटी आराखडा तुमच्याकडे आलाय आणि आधी क्लाउड घ्यावा की नवा ईआरपी (हिशेब, खरेदी, साठा असं कंपनीचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), हे ठरत नाहीये. दोन्ही महिनाभर बाजूला ठेवा. आधी कोणतं काम कशावर चालतं ते जागेवर जाऊन लिहून काढा. मी अशाच एका कंपनीत भारताची बाजू बघतो, त्यामुळे हे अगदी कळकळीने सांगतोय.

आमच्या हेड ऑफिसच्या यादीत भिवंडीचं गोदाम ‘ईआरपीवर’ असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात गेलो तर डिस्पॅचच्या टेबलावर एक जुना पीसी, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद: ‘बंद करू नये’. गाडी नंबर, ड्रायव्हर, कुठला माल कुठल्या गाडीत, सगळं एका एक्सेल शीटमध्ये. त्यातला मॅक्रो लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला. तो पीसी बसला असता तर गाड्या उभ्या राहिल्या असत्या, आणि आमच्या आराखड्यात त्याचं नावही नव्हतं.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं उदाहरण नीट अभ्यासा. 27 जून 2017 ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला आणि मर्स्कची यंत्रणा जगभर कोलमडली. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांच्या गटाकडचं टर्मिनलही अडकलं. पुढच्या दहा दिवसांत त्यांनी 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे केले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं. कुणाला कुठल्या सिस्टिममध्ये प्रवेश आहे हे सांभाळणारे त्यांचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते. ते सगळे एकमेकांच्या प्रती ठेवत, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला तो फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्यातला डेटा माणसाच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला पोचवावा लागला.

म्हणून ‘सगळं एकसारखं करा, एकाच जागी आणा’ हा सल्ला मी डोळे झाकून मानत नाही. ओळख-प्रवेश, सुरक्षा, नेटवर्क आणि मोठे करार केंद्राकडे असावेत. कर आणि कायद्याशी जोडलेली कामं मात्र त्या त्या देशाच्या माणसांच्या हातात हवीत. भारतात 500 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2020 पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं. आमच्या हेड ऑफिसच्या कॅलेंडरप्रमाणे पुढचा रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरमधले बदल लागू करायची तारीख, थेट जानेवारीत होता. त्या पोर्टलवरून मिळणाऱ्या क्रमांकाशिवाय (आयआरएन) बिल ग्राह्यच नाही, म्हणजे माल पाठवायचा कसा, हे तिकडच्या लोकांना पटवण्यात आमचे तीन आठवडे गेले. तेव्हापासून प्रत्येक देशासाठी वर्षातून दोन तातडीचे रिलीज आणि त्यांचं वेगळं बजेट आम्ही आधीच बाजूला काढतो. तुम्हीही हे पहिल्याच वर्षी मागून घ्या, नंतर कुणी देत नाही.

बाहेरून लादलेल्या तारखा सगळ्यात आधी मांडा. सॅप कंपनीच्या ईसीसी या जुन्या ईआरपीवर असाल तर त्याच्या ताज्या आवृत्त्यांचा नियमित सपोर्ट 2027 अखेर संपतोय. लायसन्स, डेटा सेंटरचे करार कधी संपतात तेही बघा. एवढं मांडलं की क्लाउड आधी की ईआरपी, हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आणि बॅकअप आहे का, असं विचारू नका. तो परत उभा करून दाखवा म्हणा. आम्ही एका रविवारी करून पाहिलं. कागदावर 4 तास होते, लागले 19. तो आकडा मी आराखड्याच्या पहिल्या पानावर छापला, आणि दोन वर्षं अडकलेला खर्च त्याच बैठकीत मंजूर झाला.