'क्युअर' आणि 'केअर' हे एकाच मूळ शब्दापासून आले आहेत का?

नाही. दिसायला सख्खे भाऊ वाटतात, पण नातं नाही. नर्सिंगच्या मुलींना मी इंग्रजी शिकवते आणि तुमचा हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'क्युअर'चं मूळ लॅटिन 'कुरा'. अर्थ काळजी, देखभाल, लक्ष. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा औषधापेक्षा चर्चशी त्याचा संबंध जास्त होता. गावातल्या लोकांच्या आत्म्याची काळजी पाद्र्याकडे सोपवलेली असे, तिला 'क्युअर' म्हणत. इंग्लंडमध्ये मुख्य पाद्र्याच्या मदतनिसाला आजही 'क्युरेट' म्हणतात. दुखणं बरं करणं हा अर्थ चौदाव्या शतकात पुढे रुळला. मॅनिक्युअर म्हणजे हातांची निगा, पेडिक्युअर म्हणजे पायांची, हे याच कुळातले. मला सगळ्यात आवडतो तो 'सिक्युअर': 'से' म्हणजे विना, म्हणून काळजीविना, निर्धास्त. हाच शब्द फ्रेंचमध्ये झिजून इंग्रजीत 'शुअर' झाला!

'केअर' मात्र इंग्रजीचा घरचा शब्द. जुन्या इंग्रजीत 'कारू' म्हणजे दुःख, शोक. जर्मन लोक गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' तोच, विलापाचा. दुःखातून चिंता, चिंतेतून देखभाल असा अर्थ सरकत गेला. हे आपल्याला परकं वाटायला नको. 'काळजी करू नकोस' आणि 'काळजी घे' यांत आपणही एकच शब्द वापरतो की.

'कुरा'च्या जवळ जाणारा आपला शब्द म्हणजे 'उपचार'. षोडशोपचार पूजेतले सोळा उपचार आठवा: आसन, स्नान, गंध, नैवेद्य. तिथे रोग कुठेच नाही, नुसती सेवा आहे.

आणि 'शुश्रूषा'. मुलींना मी हा शब्द मुद्दाम फळ्यावर फोडून दाखवते. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं हे इच्छादर्शक रूप, म्हणजे शब्दशः ऐकण्याची इच्छा. आधी गुरूचं ऐकण्याची, त्यातून गुरूची सेवा, आणि मग आजाऱ्याची.