वाचक विचारतात : मोत माउलीची जत्रा

डोंबिवलीच्या वाचक विचारतात : बांद्र्याच्या जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी ऐकू येते. ती आधी कशी काढायची? आणि लहान मुलांना घेऊन कोणत्या दिवशी जावं?

ही जत्रा बांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चची, म्हणजेच मोत माउलीची. मारिया मातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर, तो बदलत नाही. जत्रा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि पुढच्या रविवारी संपते, म्हणजे आठ दिवस. ८ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी सुरुवात. २०२४ला तसं झालं, २०२५ला जत्रा १४ ते २१ सप्टेंबर भरली. २०२६चा हिशेब १३ ते २०. त्या वर्षी गणेश चतुर्थी १४ला आहे, तेव्हा दीड आणि पाच दिवसांच्या विसर्जनाच्या संध्याकाळी रस्ते तुंबणार हे धरून चाला.

मुलं बरोबर असतील तर दोन्ही रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी लवकर जा. दादरला पश्चिम रेल्वे पकडून बांद्रे पश्चिमेला उतरा. जत्रेच्या आठवड्यात बेस्ट स्टेशनहून जादा बस सोडते. चालत जायचं तर हिल रोडने सेंट पीटर्स चर्चवरून मेहबूब स्टुडिओपर्यंत आणि तिथून वर, साधारण अडीच किलोमीटर. शेवटचा टप्पा चढाचा आहे, बाबागाडी आणू नका. सप्टेंबरात सर कधीही येते आणि रेटारेटीत छत्रीच्या काड्या डोळ्यांत जातात, म्हणून रेनकोट बरा.

विरारचे वाचक विचारतात : आईच्या गुडघेदुखीसाठी मेणाचा पाय वाहायचा नवस आहे. मागच्या खेपेस स्टेशनबाहेर घेतलेला पाय वर पोचेपर्यंत घोट्यात मोडला. शिवाय त्याला वातच नव्हती. तो पेटवायचा कसा?

पेटवायचा नसतो. हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर, विमान या सगळ्या आकृती अख्ख्याच अर्पण करतात. पेटवायच्या त्या साध्या लांब मेणबत्त्या, चर्चसमोर रस्त्यापलीकडच्या प्रार्थनास्थळी. गर्दीच्या दिवशी स्वयंसेवक त्याही न पेटवता ठेवायला सांगतात. शेकडो ज्योती जवळजवळ आल्या की उष्णतेने शेजारच्या मेणबत्त्या वाकतात आणि आग भडकते, हे त्यामागचं कारण. तेव्हा मन खट्टू करून घेऊ नका. जमा झालेलं मेण पुन्हा वितळवलं जातं.

आता मोडण्याबद्दल. मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवतात, कारण थेट आचेवर ते पेट घेऊ शकतं. मग दोन फाळक्यांच्या साच्यात ओततात. पोकळ आकृती करायची तर साच्याला लागून थर धरला की आतलं पातळ मेण परत काढून घेतात. हे घाईत केलं की थर पातळ राहतो, आणि तो आधी घोट्यात, बोटांत, कानांत तुटतो. घेताना आकृती उजेडासमोर धरा : ज्या जागी उजेड जास्त आरपार दिसतो ती कच्ची. फाळक्यांच्या सांध्याची रेघही नखाने चाचपा, नख अडकलं तर तिथे चीर आहे. अंगावर आडव्या लाटा दिसल्या तर मेण गार साच्यात ओतलंय. दिसायला वाईट, पण वाहायला चालतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाय खालून न घेता वर, चर्चजवळच्या स्टॉलवर घेणं. आधीच घेतला असेल तर बुटांच्या खोक्यात चुरगाळलेल्या वर्तमानपत्रात बसवा. मेण वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. तरीही मोडलाच तर दोन्ही तुकडे एकत्र वाहा. तुटकं वाहू नये असा चर्चचा नियम नाही. आईंना आराम पडो.

गिरगावच्या वाचक विचारतात : 'मोत' म्हणजे काय? आम्ही ख्रिस्ती नाही, आत गेलेलं चालतं का?

'माउंट'चा कोळीवाड्यांत रुळलेला उच्चार म्हणजे मोत, असं मानतात; काही जण तो 'मोती'शी जोडतात. सध्याची इमारत १९०४ची, बॅसिलिकेचा दर्जा, म्हणजे पोपकडून चर्चला मिळणारा खास मान, १९५४चा. आत सगळ्या धर्मांची माणसं जातात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असेल तर मागे उभं राहायचं, फोन बंद ठेवायचा, इतकंच. जत्रेत मराठी मिस्साही होते, तिची वेळ आवारातल्या फलकावर पाहा.

वसईचे वाचक विचारतात : जत्रेतली जपमाळ महिन्याभरात तुटते. चांगली कशी ओळखावी?

आधी मणी मोजा. गोलात ५४ हवेत : दहा-दहाच्या पाच लडी आणि त्यांच्यामधले चार. क्रुसाच्या लडीत आणखी पाच, एकूण ५९. घाईत ओवलेल्या माळेत एखादी लड नऊचीच निघते आणि प्रार्थना म्हणताना ते लक्षात येतं. तारेच्या माळेत कड्यांची तोंडं पाहा. उघडी असतील तर ती कपड्यात अडकून सुटतात, आपली माळ बहुधा अशीच तुटत असणार. रोज हातात राहणारी माळ गाठी मारलेल्या जाड दोऱ्याची घ्या. माळ विकत घेतल्यावर फादरांकडून आशीर्वादित करून घ्यायची. 'आशीर्वादित आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर तिथून घेऊ नका, आशीर्वादाची किंमत लावायची नसते.

परळच्या वाचक विचारतात : खाजं घरी आणलं की दोन दिवसांत मऊ पडतं. का?

बेसनाच्या तळलेल्या कांड्या आल्याच्या चवीच्या गुळात घोळवून खाजं होतं. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि सप्टेंबरात मुंबईची हवा दमटच. उघड्या परातीतलं सोडा, एक कांडी मोडून कट्‌ आवाज आला तरच घ्या. कांड्या एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या असतील तर पाक कच्चा राहिलाय. पिशवी आतून घामेजलेली असेल तर माल गरम असतानाच भरलाय. घरी आल्याबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. मऊ झालेलं खाजं तव्यावर शेकू नका, गूळ सुटून तव्याला लागतो. दूरच्या नातेवाइकांना पाठवायचं असेल तर खाज्यापेक्षा पेराद, म्हणजे पेरूची वडी, घ्या. ती फ्रिजशिवायही कित्येक दिवस टिकते.